झाकली मूठ, अनवाणी पाय

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या विनंतीप्रमाणे नाव, गाव, मालिका आणि वाहिनी यांचा उल्लेख टाळत आहे. वाचकांसाठी पत्राचा आशय तेवढा सांगते. तुमची थोरली मुलगी चार वर्षे एका मराठी मालिकेत काम करत होती आणि आता तिला नावाजलेल्या कलाकारांच्या नृत्यस्पर्धेचे बोलावणे आले आहे. तेराव्या वर्षापासून तिच्या पावलांवर, बोटांच्या पेरांवर आणि कोपरांभोवती कोडाचे डाग आहेत. मालिकेत पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज, पायघोळ साड्या आणि मेकअपदादांचे कसब यांमुळे ते कधी कोणाच्या लक्षात आले नाहीत. नृत्याच्या सरावात मात्र घामाने मेकअप ओघळला, आणि उचलून फिरवण्याच्या एका स्टेपनंतर जोडीदाराच्या काळ्या शर्टावर तिच्या कोपरांचे गव्हाळ ठसे उमटले. क्रिएटिव्ह टीमला हे कळले तेव्हा त्यांनी तिच्यावर एव्ही, म्हणजे नाच सुरू होण्याआधी दाखवतात ती छोटी चित्रफीत, करण्याची कल्पना मांडली आणि मुलीने होकार दिला. तुमचे यजमान म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकटीचे लग्न कोल्हापूरकडच्या एका घरात जवळजवळ ठरले आहे आणि त्या मंडळींना थोरलीच्या कोडाची कल्पना नाही. दिरांचे म्हणणे असे, की आधीच ही चारचौघांत नाचणार, त्यात हे आणखी. मुलीला थांबवावे का, वाहिनी तिचा वापर करून घेत आहे का, आणि मतांसाठी हिने दुखणे विकले असे लोक म्हणाले तर काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर आधी देते, कारणे मागाहून सांगते. मुलीला थांबवू नका. मात्र कार्यक्रमाचा प्रोमो टीव्हीवर झळकण्यापूर्वी एक काम तुम्हा उभयतांना करावे लागेल आणि ते टाळता येण्यासारखे नाही. त्याविषयी पुढे लिहिते.

यजमान ज्या मुठीची गोष्ट करतात ती मूठ सरावाच्या हॉलमध्ये केव्हाच उघडली आहे, हे आधी लक्षात घ्या. मालिकेतील सून दिवसभर सोफ्यावर बसून कारस्थाने करू शकते. नाचणाऱ्या बाईला तशी सोय नसते. बहुतेक नाच अनवाणी पायांनी होतात, कॅमेरा पावलांवर जातो, प्रखर दिव्यांखाली दोन मिनिटांतच घाम फुटतो आणि कितीही जलरोधक म्हणून विकला जाणारा मेकअप घर्षणापुढे टिकत नाही. मुलीने एव्हीला नकार दिला, तरी स्पर्धेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणीतरी तिच्या पावलांचे स्थिरचित्र काढून, त्यावर लाल वर्तुळ ओढून ते सगळीकडे फिरवणार. तेव्हा तुमच्यापुढचा खरा पर्याय सांगण्याचा आणि लपवण्याचा नाही; ही गोष्ट मुलीने सांगायची की त्या लाल वर्तुळाने, एवढाच तो आहे. तिने हे तुमच्याआधी ओळखले असावे असे मला वाटते. झाकलेल्या मुठीची किंमत सव्वा लाख असेलही, पण ती मूठ इतकी वर्षे आवळून धरण्याचे कष्ट तिच्या एकटीच्या वाट्याला आले. शाळेच्या स्नेहसंमेलनात पायमोजे घालून नाचणारी मुलगी म्हणून तिला वर्गातली मुले हसत असत, हे तुम्हीच पत्रात लिहिले आहे.

आता कोडाविषयी थोडे स्पष्ट लिहिते, कारण तुमच्या पत्रातही एके ठिकाणी 'तो रोग' असा शब्दप्रयोग आला आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच प्रतिकारयंत्रणा उलटते, त्या पेशी नष्ट होतात आणि तेवढ्या जागेचा रंग जातो, एवढेच कोडात घडते. ते स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एकमेकांचे कपडे वापरल्याने कोणालाही होत नाही. जगात साधारण शंभर माणसांमागे एकाला ते असते, म्हणजे तुमच्या गावच्या यात्रेत हजार माणसे जमली तर त्यांत दहाजण तरी निघावेत. घराण्यात थोडा कल असू शकतो, पण कोड असलेल्या माणसाच्या बहुसंख्य नातेवाइकांना ते कधीच होत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. आणि कुष्ठरोगसुद्धा आज औषधांनी पूर्ण बरा होतो. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण म्हणून त्याचा जो उल्लेख होता तोही संसदेने २०१९ मध्ये काढून टाकला. कायद्याने जे मागे टाकले ते आपल्या बैठकीच्या खोल्यांत अजून ठाण मांडून आहे.

दिरांच्या म्हणण्यावर फार शाई खर्च करत नाही. २००५ मध्ये 'नच बलिये'च्या पहिल्या पर्वात सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर जिंकले आणि २०१५ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या सातव्या पर्वात अमृता खानविलकर पतीसह जिंकली, तेव्हा आपल्या घराघरांतून कौतुकच झाले होते. दुसऱ्याच्या लेकीसुना टीव्हीवर नाचल्या तर कला, आपली पुतणी नाचली तर चारचौघांत नाचणे, हा हिशेब त्यांचा त्यांनाच मांडू द्या.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. वाहिनी तुमच्या मुलीचा वापर करून घेणार का? होय, घेणार. या स्पर्धांची घडणच तशी आहे. बीबीसीने २००४ मध्ये 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' सुरू केले, त्यावरून २००५ मध्ये अमेरिकेत 'डान्सिंग विथ द स्टार्स' आले आणि २००६ मध्ये त्याचेच भारतीय रूप म्हणून 'झलक दिखला जा'. सर्वत्र सूत्र एकच: नृत्य व्यवसाय नसलेला प्रसिद्ध माणूस, त्याला शिकवणारा कसलेला नर्तक, परीक्षकांचे गुण आणि प्रेक्षकांची मते. नाचात कच्च्या असलेल्या माणसाला प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे का पाहावे, याचे उत्तर त्याच्या आयुष्याच्या गोष्टीतून द्यावे लागते, म्हणून एव्ही अपरिहार्य ठरते. पण वापर करून घेतला जातो म्हणजे नुकसानच होते असे नाही. कोणाची गोष्ट कशी सांगितली गेली आणि लोकांनी तिचे काय केले, हे पाहिले म्हणजे फरक कळतो.

'झलक'च्या २००७ मधील दुसऱ्या पर्वात एकाच मंचावर दोन माणसे होती. एक सुधा चंद्रन. १९८१ मध्ये तामिळनाडूत झालेल्या बसच्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला, जयपूर फूट बसवून त्या १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या आयुष्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केले. दुसरे मीररंजन नेगी. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारतीय हॉकी संघाला ७-१ असे हरवले तेव्हा ते गोलरक्षक होते. कोणताही पुरावा नसताना सामना विकल्याचा आणि देशद्रोहाचा ठपका त्यांच्यावर आला आणि तो वर्षानुवर्षे पुसला गेला नाही. १९९८ मध्ये एशियाडचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या पुरुष संघाच्या आणि २००२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाच्या गोलरक्षकांना त्यांनी घडवले, तरीही सर्वसामान्य प्रेक्षकाला त्यांचा चेहरा ठाऊक झाला तो २००७ नंतर. पन्नाशीला टेकलेला, नाचाची सवय नसलेला हा माणूस ज्या निष्ठेने ताल पकडत होता ते पाहून लोकांना त्याच्याविषयी आत्मीयता वाटू लागली. दोघांपैकी कोणीही ती स्पर्धा जिंकली नाही. नेगींच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की त्यांनी आपली बाजू सांगितली आणि मग ते नाचत राहिले. दर आठवड्याला त्यांनी निर्दोषत्वाची याचना केली असती तर लोक कंटाळले असते.

याउलट अमेरिकेतल्या 'डान्सिंग विथ द स्टार्स'चे २०११ चे पर्व पाहा. गायिका शेर आणि सनी बोनो यांचे अपत्य असलेला चॅझ बोनो त्यात सहभागी झाला. मुलगी म्हणून वाढलेल्या चॅझने प्रौढपणी लिंगबदल केला होता आणि तो पुरुष म्हणून जगत होता. त्याचे नाव जाहीर होताच, नाचाचे एक पाऊलही पडले नव्हते तेव्हा, कार्यक्रमावर बहिष्कार टाकण्याची मोहीम सुरू झाली. लहान मुलांच्या मनावर परिणाम होईल असे कारण दिले गेले. पुढे तो नाचू लागल्यावर उघड द्वेष थोडा ओसरला, पण दुसऱ्या वाटेने शेरेबाजी आली. त्याचे वजन, त्याचे दुखरे गुडघे, त्याची चाल यांवर बोलणे सुरू झाले, एका परीक्षकाने त्याला पेंग्विनची उपमा दिली, आणि इतर स्पर्धकांविषयी असे बोलत नाहीत हे चॅझने नंतर उघडपणे सांगितले. तो सातव्या क्रमांकावर बाहेर पडला. निरोप घेताना तो म्हणाला त्याचा आशय असा होता, की माझ्या लहानपणी टीव्हीवर माझ्यासारखा एखादा माणूस दिसला असता तर माझे आयुष्य वेगळे झाले असते.

त्याच पर्वाचा विजेता होता जे. आर. मार्टिनेझ. २००३ मध्ये इराकमध्ये सुरुंगाच्या स्फोटात हा सैनिक भाजला, त्याच्या शरीराचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग होरपळला आणि चेहऱ्यावर कायमचे व्रण राहिले. तो उत्तम नाचला, याबद्दल वाद नाही. पण एकाच मंचावरच्या या दोन शरीरांकडे लोकांनी किती वेगळ्या नजरेने पाहिले! रणांगणातून आलेला व्रण मानाचा ठरला आणि दुसऱ्याचे शरीर चर्चेचा, थट्टेचा विषय झाले. लोक कोणत्या खुणांना वंदन करायचे आणि कोणत्या खुणांपासून पदर सावरायचा हे आधीच ठरवून बसलेले असतात. आपल्याकडे अपघातात गेलेल्या पायाला सहानुभूती मिळते. कोडाला मिळेलच असे मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण त्यामागे पूर्वजन्मीचे पाप, घराण्याचा दोष असली जुनी भाषा अजून चिकटलेली आहे. तुमची मुलगी चॅझच्या बाकावर बसेल की मार्टिनेझच्या, हे तिच्या हातात नाही. हे तिला आधीच सांगायला हवे. कौतुकाच्याच अपेक्षेने ती गेली तर पहिल्या आठवड्यातच खचेल.

जाता जाता शेरविषयी एक गोष्ट सांगते, कारण तुम्हीही आई आहात. मुलाचा निर्णय स्वीकारणे आपल्याला जड गेले, हे तिने स्वतःच जाहीरपणे कबूल केले होते. तरीही लोकांनी चॅझवर तोंडसुख घेतले तेव्हा ती त्याच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलली. मनातली घालमेल पूर्ण मिटल्यावरच मुलाच्या पाठीशी उभे राहायचे असते, असे काही नाही.

मतांसाठी दुखणे विकले, असे लोक म्हणतील का? म्हणतील. ब्रिटनच्या 'स्ट्रिक्टली'त २०२१ मध्ये रोझ एलिंग-एलिस ही कर्णबधिर अभिनेत्री जिंकली आणि २०२४ मध्ये ख्रिस मॅककॉसलंड हा अंध विनोदकार जिंकला, तेव्हाही ही सहानुभूतीची मते आहेत अशी कुजबुज झालीच. रोझच्या एका नृत्यात मधेच संगीत पूर्ण थांबवले गेले आणि ती व तिचा जोडीदार काही क्षण नि:शब्द शांततेत नाचत राहिले. तिला ऐकू येत नाही हे सांगणारी कितीही करुण चित्रफीत त्या काही सेकंदांची बरोबरी करू शकली नसती. नृत्यदिग्दर्शकाने कोडाचे काही करायचेच असेल तर ते नाचात करावे, व्हायोलिनच्या सुरांवर आसवे गाळणाऱ्या एव्हीत नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या कार्यक्रमांना या आसवांची इतकी चटक लागली आहे की परीक्षकांनी रुमाल काढला नाही तर भाग पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही.

म्हणून मुलीने होकार दिलाच आहे तर तो सरसकट न ठेवता त्याला अटी जोडाव्यात. करारावर सही झाली नसेल तर तो आधी एखाद्या वकिलाला दाखवा, कारण अशा करारांत एकदा चित्रित झालेले कसे कापायचे, कसे जोडायचे आणि किती वेळा दाखवायचे याचा हक्क साधारणपणे वाहिनीकडे जातो. सेटवर कोणी तोंडी दिलेल्या शब्दाला नंतर अर्थ उरत नाही. कोडाचा विषय एकाच भागात यावा, दर आठवड्याला नको, हे लेखी मागावे. लहानपणीचे कोणते फोटो द्यायचे ते मुलीने निवडावे. धाकट्या बहिणीचे नाव, चेहरा, लग्नाचा विषय यांतले काहीही त्यात नसावे. कोड संसर्गजन्य नाही, हे एक वाक्य एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाच्या तोंडून यावे, म्हणजे गोष्टीबरोबर माहितीही पोहोचेल. आणि बाइट घेताना 'तुला कधी मरावेसे वाटले का' असे प्रश्न विचारले गेले, तर कॅमेरा सुरू असतानाही उठून जाण्याची तिची तयारी हवी. या अटी मान्य होतीलच असे नाही. ज्या अटी फेटाळल्या जातील, त्यांवरून त्या लोकांना नेमके काय हवे आहे ते तुम्हाला कळेल, आणि मग स्पर्धेत जावे पण एव्ही करू नये असा मधला मार्गही मुलीला मोकळा आहे.

आता सुरुवातीला म्हटले ते काम. कोल्हापूरच्या मंडळींना थोरलीच्या कोडाविषयी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. प्रोमोमधून त्यांना हे कळले तर ते कोडामुळे दुखावतील की फसवणुकीमुळे, हे तुम्हाला कधीच समजणार नाही, आणि धाकटीला मात्र पुढची अनेक वर्षे ते ऐकून घ्यावे लागेल. जाण्यापूर्वी धाकटीशी बोला. तुमच्या पत्रात तिचे लग्न आहे, तिचे मत कुठेच नाही. मुलालाही तिनेच आधी सांगावे, वडीलधाऱ्यांकडे तुम्ही नंतर जावे. तिथे गेल्यावर माफी मागितल्यासारखे बोलू नका, प्रस्तावनाही लांबवू नका. चहा होताच विषय काढा, थोरली स्पर्धेत जाते आहे, तिला लहानपणापासून कोड आहे, ते टीव्हीवर दिसेल, तुम्हाला काही विचारायचे असेल तर विचारा, एवढे सांगा आणि थांबा. शंका असल्या तर त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे त्यांना जाऊ द्या. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभारलेली श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी अनेक वर्षे काम करते. त्यांच्याशी बोललात तर असे प्रसंग ज्यांनी प्रत्यक्ष निभावले आहेत अशी माणसे भेटतील.

त्या घराने नकार दिला तर? यजमानांची सगळी भीती इथे आहे, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. स्थळ मोडले तर वाईट वाटेल, गावात चर्चा होईल, धाकटी काही दिवस थोरलीशी नीट बोलणार नाही. पण मेहुणीच्या पावलांवरचे डाग पाहून जे घर मागे फिरते, ते घर लग्नानंतर धाकटीच्या अंगावर एखादा पांढरा ठिपका दिसला असता तर कसे वागले असते, याचा विचार यजमानांना एकदा करायला सांगा. त्यांच्याशी वाद घालू नका. थोरलीला ते कोणत्या तोंडाने थांबवतील, एवढेच विचारा. ती कमावती आहे, तिने निर्णय तुमच्या कानावर घातला आहे, तुमची परवानगी मागितलेली नाही.

कार्यक्रम सुरू झाल्यावर व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचत बसू नका आणि दिरांनी वाचून दाखवल्या तर उठून स्वयंपाकघरात जा.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारले आहे, की 'फॅमिली स्पेशल' भागासाठी वाहिनीने बोलावले तर जावे का. जा, आणि यजमान आले तर त्यांनाही घेऊन जा, आले नाहीत तर एकट्या जा. मुलीच्या अंगावर पहिला डाग दिसला तेव्हा काय वाटले, हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारतील. तुम्हाला काय वाटले होते आणि त्यातले किती सांगायचे, हे आदल्या दिवशी मुलीच्या खोलीवर बसून तिच्याशी बोलून ठरवा. रडू आले तर रडा, पण कोणी 'काकू, जरा पुन्हा एकदा' म्हणाले तर पुन्हा रडायला साफ नकार द्या.

तुमची,
सदरलेखिका